रेडिओचा कान कोणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात घोलवडला एका मित्राच्या घरी दोन दिवस मुक्काम होता. चिकूची वाडी, वाडीच्या मधोमध कौलारू घर. पुढच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, त्याखाली काळा जाडजूड रिसिव्हर, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर. मित्र नोकरीला मुंबईत, शनिवार-रविवार घरी येतो. एरवी घरात आई आणि ऐंशी ओलांडलेले वडील. संध्याकाळी जुनी गाणी लावून आम्ही गप्पा मारत बसलो होतो. तेवढ्यात मित्राला डहाणूहून काहीतरी आणायचे आठवले. मोटारसायकल काढून तो गेला आणि त्याचा फोनही त्याच्या खिशातून गेला.

गाणी मात्र चालूच राहिली. रिसिव्हर घरातल्या वायफायवरून स्वतःच गाणी ओढून घेत होता. फोन फक्त हुकूम सोडायला. थोड्या वेळाने काकांना आवाज मोठा वाटू लागला, शिवाय आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ झाली होती. रिमोट केव्हाच हरवलेला. काका उठले, रिसिव्हरच्या तोंडावरचे मोठे गोल बटण फिरवले. आवाज खाली आला. पण गाणी काही थांबेनात. दुसरे बटण फिरवले तर पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरे धावू लागली आणि सगळेच गप्प झाले.

काका परत येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्या वेळी रेडिओचा कान आपल्या हातात होता. पिरगळला की बोलायचा." मग कपाटातून एक जुनी पुस्तिका काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. रेडिओचे लायसन्स. पानोपानी पोस्टाचे शिक्के.

पुस्तिका हातात घेतली आणि मला हसू आले. म्हटले, "काका, कान तुमच्या हातात होता खरा, पण दरवर्षी पोस्टात जाऊन त्याची परवानगी काढावी लागत होती की!"

काकांनाही हसू आले. पण हा विषय काही माझ्या डोक्यातून गेला नाही. घरातल्या आवाजावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न टच स्क्रीनबरोबर आलेला नाही. त्याचा इतिहास जुना आहे, आणि आपल्याकडे तर तो रेडिओच्याही आधी सुरू होतो.

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग करून दाखवले. त्या प्रयोगांत ना गाणे होते ना भाषण. भिंतीपलीकडून गेलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. म्हणजे आपल्या देशात बिनतारी लहरीचा पहिला गाजलेला उपयोग आवाज पोचवायला झालाच नाही, तो लांबच्या वस्तूला हुकूम द्यायला झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर रिमोट आधी आला, रेडिओ मागून.

रेडिओ आला तो परवान्याचा कागद घेऊनच. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ऐकणाऱ्याने वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यायचा आणि त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे, असा हिशेब होता. तो जमला नाही. पुरेसे परवानेच निघाले नाहीत, लोक चोरून ऐकत, आणि मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारने कारभार हाती घेतला. चोरून ऐकणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. त्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे बटण फिरवणे तर पुढचीच गोष्ट. काकांच्या पुस्तिकेमागे तो कायदा उभा होता. घरगुती रेडिओच्या मागचा हा ससेमिरा १९८० च्या दशकात सुटला.

तरीही काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. सेट कोणाच्या घरात आहे हे सरकारला ठाऊक असे, पण त्या सेटवर काटा कुठे नेऊन ठेवायचा ते सरकारच्या हातात नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागत असे. त्या आकड्याजवळ काटा नेणे एवढेच श्रोत्याने करायचे. तेवढ्याने तो चळवळीत सामील होई.

स्वातंत्र्यानंतर काट्याची खरी ताकद दाखवून दिली ती एका मराठी मंत्र्याच्या हट्टाने. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे नभोवाणीमंत्री होते. माणूस विद्वान, पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आलेला, शास्त्रीय संगीताचा कळवळा असलेला. आकाशवाणीवर अभिजात संगीताला जे मानाचे पान मिळाले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे. पण सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. गाण्यांचे प्रमाण कमी झाले, सिनेमाचे नाव सांगायचे नाही असे ठरले, निर्माते चिडले, आणि बघता बघता आकाशवाणीवरून सिनेगीते जवळपास नाहीशी झाली. दिल्लीच्या हिशेबात प्रश्न मिटला. आता लोक ख्याल ऐकतील.

लोकांनी काटा सिलोनला नेला.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी श्रीलंकेत शॉर्टवेव्हचे दणकट प्रक्षेपक उभारले गेले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या वाट्याला आले. त्यांच्यावरून ३ डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गंमत अशी की कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची, आणि समुद्रापार जाऊन आलेला मुंबईचाच आवाज मुंबईच्या घरात उमटायचा. तो आवाज अमीन सयानींचा. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. साधी हिंदुस्तानी भाषा, आणि तीच देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापलेली, नवसाक्षरांसाठी. अमीनभाईंची ती सगळ्यांना आपली वाटणारी बोली कुठून आली, ते वेगळे सांगायला नको. घोलवडसारख्या गावात, जिथे एका घरात मराठी, शेजारच्या इराण्याच्या बंगल्यात गुजराती आणि वारल्यांच्या पाड्यावर तिसरीच बोली, तिथे ही हिंदुस्तानी सगळ्यांना कळत होती.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली. मंत्र्याविरुद्ध मोर्चा निघाला नव्हता, कोणी उपोषण केले नव्हते. घराघरांत एक गोल बटण दोन बोटांनी जरासे फिरले, एवढेच घडले होते. लोकशाहीच्या इतिहासात या बटणाचा उल्लेख कोणी करत नाही. करायला हवा असे मला वाटते.

मात्र हे बटण घरात तरी सर्वांचे होते का? माझ्या आठवणीतला रेडिओ अब्बांचा. त्याला उंच फळीवर जागा, वर क्रोशाचे झाकण, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळीच्या पट्टीची एरियल. मुलांनी हात लावायचा नाही. अम्मी स्वयंपाकघरातून जे लागेल ते ऐकायची. अब्बा कामावर गेले की ती स्टुलावर चढून उर्दू सर्व्हिस लावायची, फर्माइशी गाण्यांसाठी. शॉर्टवेव्हवर एक केसभर इकडेतिकडे झाले की स्टेशन निसटायचे, म्हणून काटा हलवण्याआधी ती काचेवर काजळाचा एक बारीक ठिपका द्यायची. अब्बा यायच्या आत काटा बरोबर त्या ठिपक्यावर परत. मग पदराने काच साफ. कित्येक वर्षांनी तिने हे सांगितले तेव्हा अब्बा म्हणाले, "मला माहीत होतं. काच रोज इतकी चकाचक कशी, एवढा विचार मीही करत होतोच."

अम्मी ठिपक्याने जे करत होती, त्याचे यंत्र अमेरिकेत तोवर बनूनही जुने झाले होते. १९३८ च्या अखेरीस फिल्को कंपनीने 'मिस्टरी कंट्रोल' बाजारात आणले. लाकडाची एक सुटी पेटी, तिला तार नाही, वर टेलिफोनसारखी भोकांची तबकडी. भोकात बोट घालून तबकडी फिरवली की पेटीतून लहरींचे ठोके सुटत. जितके ठोके, तितक्या क्रमांकाचे ठरवून ठेवलेले स्टेशन लागे. आवाज लहान-मोठा करायला रेडिओच्या आत चक्क मोटार बसवलेली, ती बटण फिरवी. शेजारच्या घरातल्या पेटीने आपला रेडिओ बदलू नये म्हणून वेगवेगळ्या सेटांना थोड्या वेगळ्या लहरी दिलेल्या. घरातल्या रेडिओवर खुर्चीत बसून बिनतारी हुकूम चालवण्याची सगळी कल्पना या पेटीत तयार होती. तबकडीच्या जागी पडदा यायला मात्र साठ वर्षे लागली.

मधल्या काळात टीव्हीने रिमोटला आपल्याकडे ओढले. झेनिथ कंपनीचे १९५५ चे रिमोट प्रकाशाच्या झोतावर चाले. उन्हाची तिरीप पडली तरी चॅनल बदलायचे. पुढच्या वर्षी रॉबर्ट ॲडलरने ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर बारीक हातोडी मारून माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारा रिमोट दिला. त्याला बॅटरीच नको. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्हीला हुकूम मिळे. मग आला अवरक्त किरणांचा रिमोट. तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, मागचे झाकण हरवलेले, रबर लावलेला आणि चालेना की तळहातावर आपटलेला. त्याच्या टोकाचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यात खुणा असतात. डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बहुधा दिसतो. रिमोट बिघडलाय की टीव्ही, हे ओळखायची ही फुकट युक्ती आहे.

अडचण एकच. प्रत्येक कंपनीच्या खुणा वेगळ्या. रिसिव्हरचा रिमोट निराळा, डीव्हीडीचा निराळा, डिशचा निराळा. १९९८ मध्ये फिलिप्सने 'प्रोन्टो' काढला तो या कटकटीवर उपाय म्हणून. हातात मावणारा करड्या रंगाचा पडदा, त्यावर बोट दाबायचे. जुने रिमोट त्याच्यासमोर धरून त्यांच्या खुणा त्याला शिकवायच्या आणि पडद्यावर कोणते बटण कुठे, केवढे, ते मालकाने संगणकावर स्वतः रेखाटायचे. हौशी लोक आपापली रेखाटने इंटरनेटवर एकमेकांना देत. घरातल्या रिसिव्हरला टच स्क्रीनवरून चालवण्याचा इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. आणि मला तो त्याचा सर्वांत मोकळा काळ वाटतो, कारण बटण कुठे असावे हे तेव्हा वापरणारा ठरवत होता.

२००७ मध्ये आयफोन आला, पण त्यात अवरक्त दिवा नव्हता. म्हणून रिसिव्हरलाच घरच्या नेटवर्कमध्ये यावे लागले. त्यांच्या पाठीवर इंटरनेटच्या केबलचे तोंड आले, मग वायफाय आले. आपल्याकडे दोन्ही वाटा एकदम चालू राहिल्या. शाओमीच्या स्वस्त फोनांच्या डोक्यावर अवरक्त दिवा असतो, त्यामुळे लहान गावातल्या पोरांनीही फोनवरून टीव्ही, एसी आणि होम थिएटर चालवले. टपरीवरचा टीव्ही गुपचूप बंद करून मजाही पाहिली.

या दोन वाटांत फरक आहे. अवरक्त दिवा एकतर्फी बोलतो. हुकूम सोडला, पोचला की नाही याचा पत्ता नाही. वायफायवर मात्र रिसिव्हर उत्तर देतो. आवाज किती आहे, काय वाजते आहे, हे पडद्यावर दिसते. आणि बोलणे तरी किती साधे! डेनॉन आणि मरांट्झच्या अनेक रिसिव्हरांना आवाज एक पायरी वाढवायला नेटवर्कवरून चार रोमन अक्षरे पाठवायची : एम, व्ही, यू, पी. कमी करायला यू-पीऐवजी डी, ओ, डब्ल्यू आणि एन. ही अक्षरांची यादी कंपनीने छापून दिलेली. ज्याला ती कळली, त्याला कोणाच्या ॲपची गरज नाही.

आणि हे वायफाय तरी फुकट मिळाले का? १९३३ च्या त्याच कायद्याखाली बिनतारी यंत्राला परवाना लागत होता. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला, तेव्हा कुठे राउटर, फोन आणि रिसिव्हर यांचे आपापसात बोलणे कोणाला न विचारता घडू लागले. ज्या कायद्याने काकांना पोस्टाच्या खिडकीवर उभे केले, त्याच कायद्याच्या एका सवलतीवर त्यांच्या मुलाचा फोन चालतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आता तो जुना कायदा रद्द ठरवला आहे.

म्हणजे सरकारने कान सोडला. पण कान मोकळा राहिला असे म्हणवत नाही. रिसिव्हर दहा-पंधरा वर्षे टिकतो. ॲप दर दोन महिन्यांनी बदलते. सोनोस ही घरभर संगीत पुरवणारी अमेरिकी कंपनी. तिने २००५ मध्ये आपला हातातला कंट्रोलर आणला आणि पुढे सगळा कारभार फोनच्या ॲपवर नेला. मे २०२४ मध्ये तिने ॲप नव्याने लिहून सगळ्यांच्या फोनात घातले. सकाळचा गजर, ठरावीक वेळाने बंद होण्याची सोय अशा साध्या गोष्टी त्यातून गायब झालेल्या. स्पीकर तेच, घर तेच, विकत घेतलेले, पैसे फिटलेले. तरी मालकाला सकाळी गजर लावता येईना. लोकांचा संताप इतका की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. केसकरांच्या काळात श्रोत्याकडे सिलोन होते. इथे काटा फिरवायचा तर कुठे? काटाच कंपनीकडे.

पुन्हा घोलवडला येतो. रात्री जेवताना मी मित्राला हे सगळे सुनावले. तो वैतागला. म्हणाला, "बाबांना नवीन रिमोट आणून देतो, झालं." काका म्हणाले, "तोही हरवेल." शेवटी मित्राच्या भाचीने मनावर घेतले, ती इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या रिसिव्हरच्या हुकमांची छापील यादीही इंटरनेटवर मिळाली. घरात एक जुना, सिम नसलेला फोन पडून होता. रविवारी दुपारपर्यंत तिने त्यावर चारच बटणांचा पडदा तयार केला. निम्म्या पडद्यावर 'लहान' आणि 'मोठा', खाली 'बातम्या' आणि 'बंद'. देवनागरीत, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. फोन दोरीने बांधून आरामखुर्चीच्या हाताला अडकवला.

काकांनी बोट टेकवले. काही झाले नाही. पुन्हा टेकवले, दाबले, ठोकले. फोन ढिम्म. साठ वर्षे चिकू तोडून आणि त्याचा चीक चोळून बोटांची कातडी पार राकट झालेली. आजचा पडदा दाबाने चालत नाही. बोटातून विजेचा अगदी बारीक फरक त्याला जाणवावा लागतो, आणि कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचा तो नीट जाणवत नाही. प्रोन्टोचा पडदा दाबावर चालायचा. त्याला काकांचे बोट कळले असते.

भाची हिरमुसली. पण काकांनी नोटा मोजताना लावतात तसे बोट जिभेला लावले आणि 'लहान'वर टेकवले. आवाज खाली आला. पडद्यावर आकडा उमटला, ३४. पुन्हा बोट ओले केले, ३३. मग 'बातम्या'. दोन सेकंदांची शांतता, आणि खोलीत आकाशवाणी मुंबई.

काकूंनी आतून विचारले, "कोणी लावलं?"

"मी," काका म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "आता हे पोस्टात कळवायला लागेल का रे?"